खडूची फुली

तुमचं लग्न कसं जमलं, असं टेलरबाईंना कुणी विचारलं, की त्या आधी हातातली कात्री खाली ठेवतात. कात्री हातात धरून ती हकीकत सांगणं ऐकणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं, कारण रंगात आल्या की त्यांचे हात थेट खांद्यापासून फिरतात.

त्या दिवशी म्हणे रस्त्यावर असा कल्लोळ होता, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वेळ विचारायची तर चिठ्ठी लिहून द्यावी लागली असती. एकीकडे रस्ता फोडणारं यंत्र, दुसरीकडे भांड्यांचं दुकान आणि मधोमध चार ट्रक तोंडाला तोंड लावून भोंगे वाजवत उभे. नेमक्या त्याच क्षणी भांड्यांच्या दुकानात पातेल्यांच्या दोन चळती कोसळल्या. (पूर्वी एकच चळत कोसळायची. हल्ली दोन कोसळतात.) आणि या सगळ्या प्रलयात, रस्त्याच्या पलीकडून चाललेला एक काटकुळा तरुण जागच्या जागी थबकला. त्याने मान वाकडी केली, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच तो चारही ट्रकांमधून रस्ता ओलांडून आला. ते बघून एका ट्रकवाल्याने म्हणे तिथल्या तिथे गाडी चालवणं सोडलं. तो आता फुलझाडं विकतो.

टेलरबाई तेव्हा एका मोठ्या शिवणकामाच्या दुकानात नोकरीला होत्या. ओळीने सहा मशिनी आणि सहाही चालू. तरुण आत आला, कुणाकडे बघितलं नाही, सरळ चौथ्या मशिनीपाशी गेला, खाली वाकला आणि त्याने मशिनीला कान लावला. ती मशीन टेलरबाईंची होती आणि त्यांचे हात अजून तिच्यावरच होते.

"हिच्या पोटात काहीतरी गेलंय," तो म्हणाला.

"तुमच्या डोक्यात काहीतरी गेलंय," टेलरबाई म्हणाल्या.

यावर त्याने खिशातून पांढरा खडू काढला, मशिनीच्या काळ्या कुळकुळीत अंगावर वीतभर फुली मारली आणि तो चालायला लागला. माफ करा नाही, येतो नाही, काही नाही. टेलरबाईंच्या हाताशी कापडावर खुणा करायचा निळा खडू होता. त्यांनी त्याला दारात गाठलं आणि त्याच्या पाठीवर, उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत आणि डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, एक सणसणीत फुली ओढली. त्याला पत्ताही लागला नाही. ती फुली घेऊन तो कामावर गेला, तर कारखान्याच्या वॉचमनने त्याला पुढच्या दाराने आत सोडलं नाही. नापास माल मागच्या दाराने जातो, म्हणाला.

संध्याकाळी टेलरबाईंनी मशीन उघडली. आत तुटलेल्या सुईचा एक तुकडा निघाला. केवढा? टेलरबाई करंगळीच्या नखाचा कोपरा दाखवतात.

दुसऱ्या दिवशी तो तरुण परत आला, तोच शर्ट हातावर घेऊन.

"ही कुणी मारली?"

"मी. काय म्हणणं आहे?"

"काही नाही. इतकी सरळ फुली मला कधी जमली नाही."

"आई," इथे टेलरबाईंची लेक हमखास मध्ये तोंड घालते, "मागच्या वेळी ट्रक तीन होते."

"चौथा नंतर आला."

तर हे आमचे कानसेन. हे नाव त्यांना कारखान्याने दिलं आणि ते इतकं चिकटलं, की सासूबाईसुद्धा जावयाला त्याच नावाने विचारायच्या. कारखाना छताच्या पंख्यांचा. तयार झालेला प्रत्येक पंखा शेवटी एका लहानशा खोलीत यायचा. खोलीच्या चारी भिंतींना गाद्या ठोकलेल्या, छताला एक आकडा आणि खाली एक खुर्ची. पंखा आकड्याला लटकवायचा, चालू करायचा, खुर्चीवर बसून दहा आकडे मोजेपर्यंत ऐकायचं. चांगला असला तर खडूने बरोबरची खूण, नसला तर फुली. दिवसाला तीनशे पंखे. असं एकोणीस वर्षं.

फुली मारली की कानसेनांचा त्या पंख्याशी संबंध संपला. फुलीवाला पंखा भिंतीपलीकडे दुरुस्ती खात्यात जायचा. तिथे त्याचं काय करायचे, कोण करायचं, हे एकोणीस वर्षांत कानसेनांनी कधी पाहिलं नाही. दोष शोधणं हे त्यांचं काम, तो काढणं दुसऱ्याचं. ही गोष्ट लक्षात असू द्या. कानसेनांच्या ती पुढे नको तितकी लक्षात राहिली.

आता घरचं बघा. दिवसभर ऐकून ऐकून कान असे विटलेले असायचे, की कानसेन कारखान्याच्या दारातच दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे ते दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसल्यावर काढायचे. संध्याकाळी घरात आले की एक बोट वर केलं म्हणजे चहा, दोन बोटं म्हणजे जेवण, तळहात हलवला म्हणजे आज नको. लेक बालवाडीत असताना तिने बाईंना सांगितलं होतं, "आमचे बाबा फक्त रविवारी बोलतात." बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीला उत्तर टेलरबाईंनी लिहिलं, कारण तो मंगळवार होता.

रविवारी मात्र बोळे निघायचे आणि कानसेनांना वाचा फुटायची. मग काय विचारता! खालच्या मजल्यावरच्या वकिलांचे बूट कोणत्या पायात चावतात, समोरच्यांच्या घड्याळाचा काटा सातावर का अडखळतो, नळ गळण्याआधी कसा खाकरतो. टेलरबाई मशीन बंद ठेवून ऐकत बसायच्या. रविवारी संध्याकाळी दिवे लागले, की त्यांचं तोंड उतरायचं. इतर बायकांना नवरा सात दिवस असतो आणि त्या कुरकुर करतात. टेलरबाईंना आठवड्यातून एकच दिवस मिळायचा, त्यामुळे कुरकुरीलाही वेळ पुरायचा नाही.

अशाच एका रविवारी शेजारीण दारात आली. तीन महिने तिच्या घरात कुठूनतरी टक्-टक् येत होतं. नळवाला, विजेचं काम करणारा, सगळे हात टेकून गेले होते. कानसेन गेले, बैठकीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "कपाटाच्या मागे." कपाट ओढलं. भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली एक केसांची पिन वाऱ्याने हलून कपाटाच्या पाठीवर आपटत होती. शेजारीण रडायलाच लागली. तिने टेलरबाईंना मिठी मारली, लेकीला मिठी मारली, आणि कानसेनांना मारणार तेवढ्यात तिचा नवरा आला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, कानसेन भर दुपारी घरी आले. त्यांनी कानातले बोळे काढून टेबलावर ठेवले.

"सोडतोय," ते म्हणाले.

"काय? सिगरेट तर तुम्ही ओढत नाही," टेलरबाई म्हणाल्या. सोमवारी नवऱ्याचा आवाज ऐकून त्यांच्या हातातली बॉबिन घरंगळत पलंगाखाली गेली होती.

"नोकरी. एकोणीस वर्षांत एका पंख्याने मला थँक्यू म्हटलेलं नाही. काल त्या बाई रडल्या बघ. मी लोकांच्या घरी जाऊन आवाज शोधून देणार."

"अहो, लोकांना आवाज सापडलेलाच असतो! सापडलेला असतो म्हणून तर त्रास होतो!"

"आवाज सापडतो. जागा सापडत नाही."

"आणि माझी जागा? मी या मशिनीवर घर ओढू एकटी?"

कारखान्याचे मोठे साहेब तर हादरलेच. "तुम्ही गेलात तर कारखाना बंद पडेल," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं कानसेन सांगतात. सर्दी असेल, असं लेक म्हणते. शेवटी साहेबांनी सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिली. "तुमची खुर्ची रिकामी राहील. तिला कुणी हात लावणार नाही. सहा महिन्यांनी एक तारखेला सकाळी दहाच्या भोंग्याला आलात तर ठीक, नाही आलात तर आम्ही काय ते समजू."

टेलरबाईंनी तीच तारीख धरली. कॅलेंडरची पानं उलटून त्या एक तारखेवर त्यांनी निळ्या खडूने फुली मारली आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सहा महिने. त्यानंतर मुकाट्याने गादीच्या खोलीत. मी एकदा बोलले म्हणजे बोलले." घरात माणसं तीन. ऐकू सगळ्यांनाच गेलं.

पाटी लेकीने रंगवली. तिच्या चित्रकलेला घरात वाव नव्हता, तो तिने या पाटीवर भरून काढला. पाटीवर एक मोठा कान, कानातून पळून जाणारी एक माशी आणि खाली लिहिलेलं: 'घरातले नको असलेले आवाज बंद करून मिळतील.' पहिल्या आठवड्यात सातजण चौकशीला आले. त्यातल्या चौघांना सासऱ्यांना आणायचं होतं, एकाला बायकोला आणि एका बायकोला त्या एकाला. सातवे दातांचे डॉक्टर होते. ते एकटेच गंभीर होते.

डॉक्टरांची पेशंटला झोपवायची खुर्ची कुठेतरी करकरायची. डॉक्टरांनी तोंडात हत्यार घातलं की करर्र, आणि पेशंटला वाटायचं आपला जबडा गेला. दोघे तर उठून पळाले होते, त्यातला एक डॉक्टरांचा आरसा तोंडात घेऊन. कानसेन गेले, खुर्चीला कान लावला, दहा आकडे मोजले. डोकं टेकतात तिथे, आतल्या बाजूला, दोष होता. त्यांनी खिशातून खडू काढला, डोकं टेकायच्या जागी वीतभर फुली मारली आणि डॉक्टरांना नमस्कार करून घरी आले.

"झालं काम?" टेलरबाईंनी विचारलं.

"दोन मिनिटांत!"

"काय होतं?"

"आतला बोल्ट सैल आहे."

"आवळलात?"

कानसेन त्यांच्याकडे बघत राहिले. एखाद्या पोस्टमनला पत्राचं उत्तरही तूच लिहिलंस का, असं विचारावं, तसं ते बघत होते.

"ते माझ्याकडे नसतं," ते म्हणाले.

"मग कुणाकडे असतं?"

"दुरुस्ती खात्याकडे."

"अहो, तुमचं दुरुस्ती खातं कुठंय?"

इथे कानसेनांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं, ते बघून टेलरबाईंना रागवायला हवं होतं; पण त्या इतक्या हसल्या, की त्यांना मशिनीचा आधार घ्यावा लागला. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर ओरडत होते. नवीन पेशंट खुर्चीपाशी आला, डोकं ठेवायच्या जागेवरची फुली त्याने पाहिली आणि इथे आधी कोण गेलं, असं विचारून तो जिन्याने खाली पळाला होता.

टेलरबाईंनी मशिनीच्या खणातून तेलाची कुपी, लहान स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा घेतला, डोक्यातली टाचणी काढून गळ्यातल्या टेपला लावली आणि त्या निघाल्या. पंचवीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला बोल्टची काय भीती! दहा मिनिटांत खुर्ची गप्प झाली. जाता जाता त्यांनी डॉक्टरांच्या पडद्याची उसवलेली शिवणही घातली. फुली पुसली त्यांनीच, पदराने.

तेव्हापासून दुरुस्ती खातं ठरलं. कानसेनांनी ऐकायचं आणि फुली मारायची, टेलरबाईंनी मागून जाऊन ती सोडवायची. सकाळी शिवण, दुपारनंतर आवाज. दोघे रस्त्याने चालले, की पुढे मान वाकडी करून कानसेन आणि मागे बॉबिनची पिशवी घेऊन टेलरबाई. कुलपं, शिडी, शाळेची घंटा, एका बँडवाल्याचा ड्रम (तो नको तेव्हा वाजायचा), एका जाड्या गृहस्थांचा पलंग. पलंगाच्या वेळी गृहस्थ म्हणाले, पलंगच करकरतो; कानसेनांनी ऐकून सांगितलं, पलंग ठीक आहे, तुमचा गुडघा आहे. तिथे फुली मारायला त्यांनी खडू काढलाही होता. टेलरबाईंनी वरच्यावर हात धरला म्हणून निभावलं.

या सगळ्यात एक गोष्ट झाली आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. कानसेनांचे बोळे टेबलावर पडून धूळ खायला लागले. सोमवारी बोलत, मंगळवारी बोलत. बुधवारी तर गाणं म्हणत आणि ते इतकं बेसूर असे, की एवढ्या चांगल्या कानाला स्वतःचा आवाज तेवढा कसा चालतो, असा प्रश्न पडावा. पोळ्या लाटताना, पायऱ्या चढताना, टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या असताना, बोलतच असत. टेलरबाई वरून म्हणायच्या, "जरा गप्प बसा हो, माप चुकतंय माझं," आणि आतून प्रत्येक शब्द उचलून ठेवायच्या. एकोणीस वर्षांची बाकी होती.

आणि कॅलेंडरवरची निळी फुली जवळ येत होती. ती मारली होती त्यांनीच. वर बोलून दाखवलं होतं, मोठ्याने. आता तीच बाई कुठल्या तोंडाने म्हणणार, की नका जाऊ?

शिवाय धंद्याची लक्षणंही धड नव्हती. दोघांचं काम इतकं चोख, की एकदा गप्प केलेली वस्तू पुन्हा तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक परत येणार कशाला? पाचव्या महिन्यात गल्लीतले सगळे आवाज संपले. लोक रस्त्यात हात जोडून म्हणायचे, "काय झोप लागते हो हल्ली!" आणि पुढे जायचे.

"बाबा," लेक म्हणाली, "काही घरांत रात्री जाऊन थोडे स्क्रू सैल करून येऊ का?"

"गप्प बस," टेलरबाई म्हणाल्या. पण एक क्षण थांबून म्हणाल्या.

शेवटचं काम मिळालं ते कोपऱ्यावरच्या बैठ्या घराचं. तिथल्या लोखंडी फाटकाचा आवाज एवढा, की रस्त्यावरची कुत्री उठून बसत. घरच्या मुलाने, म्हणजे चाळिशीतल्या बँकवाल्याने, कानसेनांना बोलावलं. कानसेनांनी फुली मारली. टेलरबाईंनी बिजागरीच्या जुन्या खिट्ट्या काढून नव्या घातल्या, तेल सोडलं, फाटकाच्या खाली जमिनीतून वर आलेला दगडाचा तुकडाही छिन्नीने उडवला. फाटक लोण्यासारखं उघडायला लागलं.

चौथ्या दिवशी त्या घरच्या आजींनी बोलावणं पाठवलं. आजी ऐंशीच्या, गुडघ्यांनी अधू, मागच्या खोलीत पलंगावर. त्यांनी काठी उचलूनच स्वागत केलं.

"तूच का रे तो? माझं फाटक मुकं करणारा?"

"आजी, किती कर्कश होतं ते."

"कर्कश तुझ्या कानाला! मला इथे पडल्या पडल्या कळायचं कोण आलं ते. सून आली की हळू, कुंई करून. लेक आला की कुंईऽऽ आणि धाडकन. पेपरवाला अर्धंच उघडतो. आता माणसं एकदम पलंगाशी उगवतात! चार दिवसांत तीनदा किंचाळले मी. परवा लेकालाच काठी घातली."

बँकवाल्याने कपाळावरचं टेंगूळ दाखवलं.

"माझा आवाज मला परत आणून दे," आजी म्हणाल्या. "अगदी तोच. दुसरा नको."

कानसेन घरी आले ते गप्पच. टेलरबाईंचं लक्ष टेबलावरच्या बोळ्यांकडे गेलं. एक तारखेला सहा दिवस होते.

"बंद केलेला आवाज परत आणायचं खातं कारखान्यात नव्हतं," कानसेन शेवटी म्हणाले.

"आपल्याकडे असू दे," टेलरबाई म्हणाल्या. "कसा होता तो? काढून दाखवा."

मग जे सुरू झालं, ते शेजाऱ्यांनी सोसलं म्हणून. कानसेन बैठकीत उभे राहून फाटकाचा आवाज काढत: "कुंईऽ, इथे जरा उचलायचा, आणि मग क्रँ." लेक म्हणाली, पाटी बदलावी लागेल. दुसऱ्या दिवसापासून दोघे फाटकाशी. टेलरबाईंनी बिजागरीचं तेल साबणाने धुतलं. वाळू घातली. मिठाच्या पाण्याने खिट्टीला गंज आणला. कानसेन डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत: "हे बदक आहे." "ही रडतेय." "हे आपल्या मामांचं शिंकणं." तिसऱ्या दिवशी टेलरबाईंनी शिवणकामाची अक्कल लावली. धागा एका बाजूने जास्त ताणला की कापडाला सुरकुती पडते. तशी खालची बिजागरी थोडी आवळली, वरची सैल सोडली आणि फाटक किंचित कलतं केलं.

"कुंईऽ," फाटक म्हणालं.

कानसेनांनी डोळे उघडले. "आला! पण अर्धाच. शेवटचा क्रँ कुठंय?"

तो क्रँ काही केल्या येईना. चौथा दिवस गेला. पाचवा गेला.

एक तारखेला कानसेन सकाळीच कारखान्याचा शर्ट घालून तयार झाले. दाढी केलेली. टेबलावरचे बोळे उचलून त्यांनी खिशात ठेवले. लेकीने बुटांना पॉलिश करून दिलं, तेही टोमणा न मारता, आणि घराला ते फारच जड गेलं.

"जाता जाता पाच मिनिटं फाटकाकडे बघून जातो," कानसेन म्हणाले. "कारखाना काय, तिथून हाकेच्या अंतरावर आहे."

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कानसेनांनी फाटक उघडलं, मिटलं, उघडलं. मग ते एकदम खाली बसले आणि त्यांनी जमिनीला कान लावला.

"अगं! दोन आवाज होते! एकोणीस वर्षं मी एका वेळी एकच ऐकत आलो, म्हणून कळलं नाही. कुंई बिजागरीचा. क्रँ खालून यायचा. इथे काहीतरी घासत होतं. इथे एक दगड होता ना? तू उडवलेला? कुठंय तो?"

तो दगड टेलरबाईंच्या पिशवीत होता. अंगठ्याएवढा तुकडा, कापड दाबायला बरा म्हणून त्यांनी त्याच दिवशी उचलून ठेवला होता. त्यांचा हात पिशवीत गेला आणि पहिल्याच झटक्यात दगडाला लागला. दगड द्यायला एक मिनिट, बसवायला पाच. दहाच्या भोंग्याला कानसेन खुर्चीवर असते.

"बघते हं," टेलरबाई म्हणाल्या. "असेल कुठेतरी."

आणि त्यांनी पिशवी रिकामी करायला घेतली. एकेक बॉबिन काढली, बघितली, ओळीने मांडली. टेपची गुंडाळी सोडली आणि पुन्हा नीट गुंडाळली. बटणं रंगांप्रमाणे वेगळी केली. निळा खडू पदराला पुसला. एवढ्या वर्षांत ती पिशवी इतकी टापटीप कधी झाली नव्हती. कानसेन तोपर्यंत वरचा स्क्रू आवळत होते आणि फाटकाच्या तब्येतीबद्दल अखंड बोलत होते.

कारखान्याचा दहाचा भोंगा झाला. कोपऱ्यावरच्या खिडक्यांची तावदानं थरथरली, इतका तो मोठा असतो. चार ट्रकांच्या गोंगाटातून सुईचा तुकडा ऐकलेल्या माणसाने मान वर केली नाही. तो स्क्रूच आवळत राहिला. फक्त तो स्क्रू मघाशीच घट्ट बसला होता.

"सापडला बाई एकदाचा!" टेलरबाई म्हणाल्या तेव्हा सव्वादहा झाले होते.

"किती वाजले गं?"

"झाले असतील साडेनऊ."

"मग वेळ आहे," कानसेन म्हणाले आणि दगड बसवायला लागले.

आजींनी परीक्षा स्वतः घेतली, पलंगावर डोळे मिटून. बाहेर सगळे एकेक करून फाटकातून आत जात होते. कुंईऽ, क्रँ. "सून!" कुंईऽऽ क्रँ धाड. "लेक! किती वेळा सांगितलं, हळू लोट!" पेपरवाला निम्म्यातच वाकडा होऊन घुसला. "पेपर!" मग कानसेन.

"हा तो मेला आवाजचोर," आजी म्हणाल्या. "आणि मागून त्याची बायको. ती फाटक ढोपराने ढकलते."

कानसेनांनी खिशातून खडू काढला. सहा महिन्यांत तो फक्त फुल्या मारून झिजला होता. त्यांनी फाटकाच्या काळ्या पट्टीवर हातभर लांब बरोबरची खूण केली. मग पुन्हा खिशात हात घालून कापसाचे बोळे काढले आणि आजींच्या सुनेला दिले, दिव्याच्या वाती करायला.

त्यानंतर धंद्याला तोटा राहिला नाही. पूर्वी गप्प केलेली निम्मी गल्ली आवाज परत मागायला आली. वकिलांना बायको जिना चढून येताना कळावी म्हणून चौथी पायरी करकरती हवी होती. समोरच्यांना घड्याळाचा पाय ओढून चालणारा काटा हवा होता, त्यांच्या वडिलांच्या वेळेसारखा. दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा खुर्चीत थोडी करकर परत भरून घेतली. गप्प खुर्चीत पेशंट झोपी जात होते. लेकीने पाटीवरची माशी पुसली आणि उलट दिशेने काढली. पिशवीतल्या दगडाची गोष्ट टेलरबाईंनी कुणाला सांगितली नाही, आणि कानसेन स्क्रूबद्दल बोलले नाहीत.

कारखाना काही बंद पडला नाही. मोठ्या साहेबांनी त्याच आठवड्यात ती खुर्ची हलवली आणि तिच्या जागी पंखे तपासणारं एक यंत्र बसवलं. पुढे एकदा, त्या यंत्राचा कसलासा आवाज येतो का ते बघायला, दोघांना बोलावलं होतं. येत नव्हता.